सोलापुरात सीताफळ लावताना

आपण सीताफळाच्या बागेविषयी विचारले आहे, म्हणून आधी जमिनीबद्दल सांगतो. हे झाड मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतले असले, तरी आपल्या सोलापूर जिल्ह्यातील मुरमाड, हलक्या रानात ते चांगले रुळले आहे. पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत मात्र मुळे कुजतात, तेथे ते लावूच नये, असे माझे ठाम मत आहे.

खरी काळजी फुलोऱ्याची घ्यावी लागते. एकाच फुलातील स्त्रीकेसर आधी पक्व होतो आणि परागकण नंतर सुटतात, त्यामुळे फूल स्वतःच्याच परागाने क्वचितच फळते. एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर नेण्याचे काम बारीक भुंगेरे करतात. मे महिन्याच्या कोरड्या झळांत फुले गळू लागली, तरी घाबरू नये, कारण मृगाच्या सरींनंतर हवेत ओलावा आला की फळधारणा सुधारते. मी स्वतः पूर्ण उमललेल्या फुलांतील पराग सकाळी लवकर मऊ कुंचल्याने अर्धवट उमललेल्या फुलांना लावतो, आणि अशी फळे भरदार व सुडौल होतात.

डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधील भेगा पिवळसर पांढऱ्या दिसू लागल्या, की फळ देठासह हलक्या हाताने काढावे.