वाचकांचे प्रश्न : बोलोन्यात रुळताना

इटलीत शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या पालकांची बरीच पत्रे या महिन्यात आली. त्यांतल्या तिघांना येथे उत्तर देत आहे.

प्रश्न : मी सप्टेंबरपासून बोलोन्या येथे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. अभ्यासक्रम इंग्रजीतून असल्यामुळे इटालियन न शिकताच आले. वर्गात अडचण येत नाही, पण बाहेर पडले की सगळेच अडते. दुकानदार तुटक बोलतात, दुपारी तीनला जेवायला जावे तर स्वयंपाकघर बंद झालेले असते आणि घरात इस्त्री लावली की वीज जाते. निवास परवान्याचा अर्ज केला आहे, पण हाती केवळ पोस्टाची पावती आहे. त्यातच जानेवारीत तोंडी परीक्षा आहे. परत यावे का, असा विचार मनात येतो.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : परत येण्याचा विचार परीक्षेनंतरवर ढकला. तुमच्या अडचणी निरनिराळ्या दिसल्या तरी त्यांतल्या निम्म्यांचे मूळ एकच आहे : इटलीतला रोजचा व्यवहार अजूनही समोरासमोर उभे राहून, तोंडाने बोलून होतो आणि त्या बोलण्याची सुरुवात कशी करायची हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते. दुकानात शिरताना ‘बुओनजोर्नो’ (नमस्कार) न म्हणता थेट वस्तूची किंमत विचारणे हे तिथे, परक्याच्या घरात हाक न देता शिरण्यासारखे समजले जाते. मग दुकानदार तुटक बोलतो, आणि आपण समजतो की आपण परदेशी आहोत म्हणून बोलतो. वडीलधाऱ्या अनोळखी माणसाशी बोलताना ‘लेई’ वापरावे, म्हणजे आपल्याकडचे ‘आपण’. बरोबरीच्या विद्यार्थ्यांशी बोलताना ‘तू’ चालते. हा शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ एकच आहे, आणि तो कोठे वापरू नये याचे संकेतही जवळजवळ तेच आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे हात. माझ्या पहिल्या आठवड्यात मी सुपरमार्केटमध्ये टोमॅटो आपल्या सवयीने दाबून पाहत होते, तेव्हा शेजारच्या आजींनी काही न बोलता पातळ प्लॅस्टिकच्या हातमोज्यांची गुंडाळी माझ्यापुढे धरली. हातमोजा घालायचा, माल पिशवीत भरायचा, फळीवर लिहिलेला क्रमांक लक्षात ठेवायचा, वजनकाट्यावर तोच क्रमांक दाबायचा आणि बाहेर येणारी चिठ्ठी पिशवीला चिकटवायची, असा हा क्रम आहे. चिठ्ठीविना पैसे भरायच्या रांगेत पोहोचलात की मागच्या चार माणसांना थांबवून परत काट्यापर्यंत पळावे लागते. कॉफीचेही असेच आहे. अनेक बारमध्ये आधी ‘कास्सा’पाशी पैसे भरून पावती घ्यायची आणि मग ती काउंटरवर दाखवायची. (बार म्हणजे तिथे प्रामुख्याने कॉफीचे दुकान, हे पालकांना पत्र लिहिताना आवर्जून कळवावे.) उभ्याने प्यायलेली कॉफी स्वस्त पडते, तीच टेबलाशी बसून प्यायल्यास बहुतेक ठिकाणी दर वाढतो.

दुपारच्या जेवणाला काही उपाय नाही, वेळच पाळावी लागते. साधारण अडीचनंतर बहुतेक खाणावळींची स्वयंपाकघरे बंद होतात आणि संध्याकाळी सात-साडेसातशिवाय उघडत नाहीत. मधल्या वेळेत बारमधले सँडविच मिळते.

विजेचे कारण अगदी साधे आहे. इटलीतल्या बहुसंख्य घरांच्या वीजजोडणीचा मंजूर भार 3 किलोवॅट असतो. कपडे धुण्याचे यंत्र पाणी स्वतः तापवते आणि त्या काळात सुमारे 2 किलोवॅट खाते. त्यातच तुम्ही इस्त्री किंवा पाणी उकळायची किटली लावली की मीटरवरचा खटका पडतो. तो पुष्कळदा इमारतीच्या तळमजल्यावर असतो, म्हणून त्याची जागा दिवसाउजेडी पाहून ठेवा आणि कोणते यंत्र कधी लावायचे हे घरातल्या इतर मुलींशी ठरवून घ्या. खोली गार राहते, अशीही तक्रार लवकरच येईल, म्हणून आताच सांगते : बोलोन्या ज्या हवामान विभागात येते तिथे घरे तापवण्याचा नेहमीचा हंगाम 15 ऑक्टोबर ते 15 एप्रिल असा ठरलेला आहे आणि तोही दिवसाला जास्तीत जास्त 14 तास. रात्री रेडिएटर थंड पडला तर तो बिघडलेला नाही.

पावतीविषयी घाबरू नका. इटलीत पोहोचल्यापासून कामाच्या 8 दिवसांच्या आत पोस्टातून अर्ज करायचा असतो आणि तो तुम्ही केलेला आहे. कार्ड येण्यास महिने लागतात, तोपर्यंत पासपोर्टाबरोबर ही पावतीच तुमच्या वास्तव्याचा पुरावा असते. तिची झेरॉक्स काढून मूळ प्रत घरी जपून ठेवा. पोलिसांच्या ‘क्वेस्तूरा’ कार्यालयात बोटांचे ठसे देण्याची तारीख चुकवू नका. मात्र व्हिसाची मुदत संपली असेल, तर केवळ या पावतीवर दुसऱ्या शेंगेन देशात (म्हणजे सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशात) विमान बदलायचे तिकीट काढू नका.

आता परीक्षा. मला वाटते, तुमची खरी धास्ती ही आहे, बाकीचे तिच्याभोवती गोळा झाले आहे. गुण 30 पैकी असतात, 18 ला उत्तीर्ण, आणि उत्कृष्ट उत्तराला ‘30 ए लोदे’, म्हणजे 30 आणि वर शाबासकी. मिळालेले गुण पसंत नसतील तर साधारणपणे ते नाकारून पुढच्या ‘आप्पेल्लो’ला, म्हणजे पुढच्या तारखेला, पुन्हा बसता येते; आपल्याकडे अशी सोय नसल्यामुळे पुष्कळ विद्यार्थी 19 गुण मुकाट्याने घेऊन मोकळे होतात. तोंडी परीक्षा उघड्या दाराने होते. आपल्या आधीच्या दिवशी जाऊन मागच्या बाकावर बसावे आणि प्राध्यापक कसे विचारतात ते ऐकावे, त्यात काही गैर नाही. अनेक प्राध्यापक पहिला प्रश्न तुमच्या आवडीच्या विषयावर बोलायला सांगून सुरू करतात, तेव्हा असा एक विषय दहा मिनिटे न अडखळता बोलता येईल इतका तयार ठेवा. तयारी मनातल्या मनात करू नका. बोलोन्याच्या कमानींच्या पडव्या एकूण 60 किलोमीटरहून अधिक लांबीच्या आहेत. पावसातही छत्रीशिवाय चालत मोठ्याने बोलायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. फक्त आसिनेल्ली मनोरा चढायला जाऊ नका, पदवीआधी तो चढणारा पदवी घेत नाही अशी तिथल्या विद्यार्थ्यांची समजूत आहे. मी मानत नाही, पण चढलेही नाही.

प्रश्न : मुलाला खोली मिळाली आहे. मालक म्हणतात, करार न करता रोख दिल्यास भाडे कमी करू. शिवाय आरोग्याची सोय काय करावी?
— एक पालक

उत्तर : करार न करता राहू देऊ नका. 30 दिवसांहून अधिक मुदतीचा भाडेकरार 30 दिवसांच्या आत नोंदवणे इटलीत बंधनकारक आहे. विद्यार्थ्यांसाठी 6 ते 36 महिन्यांचा वेगळा करार असतो, आणि अनामत तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. नोंदलेला करार नसेल तर महापालिकेत निवासाची नोंद करणे कठीण होते आणि बाहेरगावच्या विद्यार्थ्याला मिळणारी वाढीव शिष्यवृत्तीही हुकू शकते. वाचलेले भाडे त्यापुढे काहीच नाही.

सरकारी आरोग्यसेवेत स्वेच्छेने नाव नोंदवण्यासाठी विद्यार्थ्यांना 2024 पासून वर्षाला 700 युरो भरावे लागतात. हे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असे मोजतात, म्हणून ऑक्टोबरात पूर्ण रक्कम भरली तरी डिसेंबरअखेर मुदत संपते. पहिल्या काही महिन्यांसाठी खाजगी विमा घेऊन जानेवारीत नोंदणी करणे मला शहाणपणाचे वाटते.

प्रश्न : मी शुद्ध शाकाहारी आहे. बोलोन्यात निभाव लागेल का?
— एक विद्यार्थी

उत्तर : लागेल, पण निव्वळ ‘मांस नको’ म्हणून भागणार नाही. हे डुकराच्या मांसाचे सारण भरलेल्या तोर्तेल्लीनी पास्त्याचे शहर आहे. भाकरीसारखी दिसणारी पियादीना पुष्कळदा डुकराची चरबी घालून मळलेली असते, भाज्यांच्या सूपमध्ये मांसाचा रस्सा असू शकतो, आणि पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा ब्रोदो दी कार्ने, सेन्झा स्त्रुत्तो’ (मांस नको, मांसाचा रस्सा नको, चरबी नको) हे वाक्य पाठ करून जा.

घरी मात्र चैन आहे. डाळी, हरभरे, भाज्या मुबलक मिळतात आणि बेसनही कोणत्याही मोठ्या दुकानात असते. पाकिटावर ‘फारीना दी चेची’ असे लिहिलेले नीट वाचून घ्या, कारण शेजारीच तशाच पिवळ्या रंगाचे ‘फारीना दी माइस’, म्हणजे ज्याची पोलेंता नावाची घट्ट लापशी करतात ते मक्याचे पीठ, ठेवलेले असते. मी एकदा घाईत ते उचलले आणि पिठले करायला घेतले. अर्ध्या तासाने माझ्या घरातली इटालियन मैत्रीण डोकावली आणि पोलेंता कोणाकडून शिकलीस, असे मोठ्या कौतुकाने विचारू लागली.