माझ्या मुलीवर तिच्या काकाने लैंगिक अत्याचार केला, आता तो जामिनावर आहे. नागपुरातल्या एकत्र घरात सगळे पुन्हा सोबत राहू शकतात का?

सासूबाई 'झालं गेलं विसरा' म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. विसरायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं नाही, मुलीनं ठरवायचं. आणि ११ वर्षांच्या मुलीला 'काका आला तर चालेल ना?' असं सगळ्यांसमोर विचारू नका. ती हो म्हणेल, आजीसाठी.

आधी वकिलाकडून जामिनाच्या अटी पाहा. भेटायला मनाई असेल तर विषयच संपला. साक्षीच्या वेळीही मूल आरोपीसमोर येऊ नये, असं पॉक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं) कलम ३६ सांगतं. मग जेवायला शेजारी कशाला बसवायचं?

नागपूरच्या बालकल्याण समितीकडे जा. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार समिती मुलीसाठी सहायक व्यक्ती, म्हणजे तपासात आणि खटल्यात तिला साथ देणारी व्यक्ती, नेमू शकते. समुपदेशन मुलीचं वेगळं, काकाचं वेगळं. दोघांना एकाच खोलीत बसवणारा समुपदेशक सरळ बदला. काका गुन्हा कबूल करत नसेल, दोष तिच्यावर ढकलत असेल, तर एकत्र राहण्याचं बोलणंही नको. घर सोडायचं तर त्यानं सोडावं, तिची शाळा-मैत्रिणी का तुटाव्यात?

तक्रार मागे घ्यायचा दबाव आला तर पोलिसांना कळवा. अडचणीत १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर चोवीस तास चालू असतो.