अकरा वर्षांपूर्वीच्या क्रेडिट कार्डाच्या थकबाकीसाठी वसुलीचा फोन येतोय?

भाऊ, आधी घाबरणं सोडा. फोनवर 'हो, माझंच आहे, देतो' म्हणू नका. थकबाकीचं खातं, शेवटचा हप्ता कधी भरला, हे सगळं लेखी मागा. बँकेनं कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं असेल, तर त्याचा कागदही.

१९६३ च्या मुदत कायद्यानुसार अशा विनातारण (काहीही गहाण नसलेल्या) कर्जासाठी कोर्टात दावा लावायची मुदत साधारण ३ वर्षं. मात्र त्या मुदतीत तुम्ही काही रक्कम भरली किंवा सही करून कर्ज कबूल केलं, तर घड्याळ पुन्हा शून्यावर. मुदत उलटल्यावरही 'फेडीन' असं लिहून सही दिलीत तर नवा करार उभा राहतो! म्हणून 'नुसते पाचशे टाका, फाइल बंद करतो' या गोडव्याला भुलू नका. (माझा मेहुणा भुलला होता.) तारण असलेल्या गृहकर्जाचं गणित वेगळं.

सकाळी ८ च्या आधी, संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन रिझर्व्ह बँकेला मान्य नाहीत. शिवीगाळ केली तर नोंद ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहेच. कोर्टाचं समन्स आलं तर मात्र वकील घेऊन हजर राहाच.