खेळाडूंना युनियन कशासाठी?

प्रश्न : माझे वडील सोलापुरातील कापड गिरणीत कामाला होते, त्यामुळे संप आणि टाळेबंदी आमच्या घराने पाहिलेली आहे. माझा पुतण्या कबड्डी खेळतो आणि व्यावसायिक लीगमध्ये निवड होईल या आशेवर आहे. अमेरिकेत बेसबॉल, बास्केटबॉलचे खेळाडू संप करतात, मालक टाळेबंदी जाहीर करतात, असे वाचले. कोट्यवधी रुपये मिळवणाऱ्यांना युनियन कशाला लागते? आणि आपल्याकडील लीगमध्ये असे काही का दिसत नाही?
— एक वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : पगारातील फरक डोळ्यांत भरतो हे खरे, परंतु खेळाडूपुढे एक अडचण अशी असते, जी आपल्या वडिलांपुढे नव्हती. जुन्या मिलमधील काम नकोसे झाले, तर विणकर नरसिंग गिरजी या दुसऱ्या गिरणीच्या फाटकावर जाऊन कामाची चौकशी करू शकत होता. लीगमध्ये सगळे संघमालक एकत्र बसून एकच नियमावली करतात, आणि खेळाडूने कोणाकडे खेळायचे, त्याला किती वर्षे राखून ठेवायचे, एका संघाने पगारावर एकूण किती खर्च करायचा, हे सारे तीत ठरलेले असते. मालक एकजुटीने बोलत असताना खेळाडूने मात्र एकट्याने बोलावे, ही स्थिती मला अन्यायाची वाटते, मग त्याचा पगार कितीही असो.

अमेरिकेतील बेसबॉलचा इतिहास हेच सांगतो. तेथे करार संपला तरी खेळाडूला राखून ठेवण्याचा हक्क क्लबकडेच राहत असे. खेळाडूंच्या संघटनेने १९६६ मध्ये मार्व्हिन मिलर यांना प्रमुख नेमले. ते पोलाद कामगारांच्या युनियनचे अर्थतज्ज्ञ होते. त्या वेळी किमान वार्षिक वेतन ६,००० डॉलर होते आणि आधीच्या जवळजवळ वीस वर्षांत ते अवघ्या १,००० डॉलरने वाढले होते. १९६८ च्या पहिल्या सामूहिक कराराने ते १०,००० डॉलरवर नेले. माझ्या मते मात्र खरी कमाई १९७० च्या करारात झाली: तक्रारींचा निवाडा मालकांनी नेमलेल्या आयुक्ताऐवजी तटस्थ लवादाकडे जाईल, असे त्यात ठरले.

या एका कलमाचे मोल पुढील पाच वर्षांत कळले. आपल्याला न विचारता दुसऱ्या क्लबकडे पाठवले म्हणून कर्ट फ्लड हा खेळाडू न्यायालयात गेला आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. त्याची कारकीर्दही त्यात संपली. त्यानंतर अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली हे दोघे गोलंदाज नव्या करारावर सही न करता १९७५ च्या हंगामात उतरले, आणि क्लबचा हक्क फक्त एका वर्षापुरता आहे, असा निकाल लवाद पीटर सायट्झ यांनी त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये दिला. मालकांनी सायट्झ यांना लगेच काढून टाकले, पण निकाल टिकला. सर्वोच्च न्यायालयाच्या दारात जे मिळाले नाही, ते वाटाघाटीतून आलेल्या एका कलमाने मिळवून दिले.

संपाचे म्हणाल, तर तो तेथेही महागच पडतो. १९९४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेला बेसबॉलचा संप २३२ दिवस चालला आणि त्या वर्षीची अंतिम मालिकाच रद्द झाली. २००४-०५ मध्ये आइस हॉकीच्या मालकांनी टाळेबंदी करून अख्खा हंगाम घालवला. अशा वेळी स्टेडियममध्ये खाद्यपदार्थ विकणाऱ्याचा आणि तिकीट तपासणाऱ्याचा रोजगार बुडतो, आणि वाटाघाटीच्या टेबलावर त्याला खुर्ची नसते, याची खंत वाटते. तरीही मुंबईच्या १९८२ च्या गिरणी संपाशी याची तुलना करताना एक भेद ध्यानात ठेवावा: तेथे काही काळाने मालकांना गिरणी चालवण्यापेक्षा तिची जमीन अधिक मोलाची वाटू लागली, तर लीगकडे खेळाडूंखेरीज विकण्यासारखे फारसे काही नसते. म्हणूनच दोन्ही बाजू अखेर सहीपर्यंत येतात.

आपल्या खंडात पाहायचे, तर बांगलादेशच्या क्रिकेटपटूंनी ऑक्टोबर २०१९ मध्ये ११ मागण्यांसाठी काम थांबवले, आणि त्यांत देशांतर्गत सामने खेळणाऱ्यांच्या मानधनाचा प्रश्नही होता. भारतात खेळाडूंवरील बंधने आहेत, पण त्यांच्या समोर बसून केलेला सामूहिक करार नाही. क्रिकेट मंडळाच्या कारभारासाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीच्या सुधारणांनंतर २०१९ मध्ये स्थापन झालेली भारतीय क्रिकेटपटूंची संघटना निवृत्त खेळाडूंची आहे. आज मैदानात असलेल्याला तीत स्थान नाही. फुटबॉलपटूंची संघटना २००६ मध्ये बायचुंग भुतिया यांच्या पुढाकाराने उभी राहिली, तरी जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा हंगाम लांबणीवर टाकला गेला आणि पुढे काही क्लबांनी पगार थांबवले, तेव्हा मालकांना बांधून ठेवणारा सामूहिक करार तिच्या हाती नव्हता.

आघाडीचे खेळाडू पुढे येत नाहीत तोवर हे बदलणे अवघड आहे, कारण ज्याची जागा सहज भरता येते, त्याने तोंड उघडले तर पुढच्या लिलावात त्याचे नाव मागे पडण्याची भीती असते. आपल्या सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या, एकमेकींपासून विखुरलेल्या बायका हजारी मजुरीसाठी, म्हणजे दर हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीसाठी, संघटित झाल्या. कारखान्याचे छप्पर एक नसले तरी संघटना उभी राहते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

प्रश्न : कायद्याने अशी युनियन काढता येते का? आणि ती होईपर्यंत एकट्या खेळाडूने काय पाहावे?
— एक पालक, सोलापूर

उत्तर : २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, एखाद्या आस्थापनेत एकाहून अधिक युनियन असल्यास, किमान ५१ टक्के कामगार ज्या युनियनचे सदस्य असतील, तिला वाटाघाटी करणारी एकमेव युनियन म्हणून मान्यता मिळते. मात्र खेळाडूशी केलेला करार बहुधा स्वतंत्र व्यावसायिकाशी केल्यासारखा लिहिलेला असतो, त्यामुळे तो ‘कामगार’ आहे की नाही, असा वाद मालक काढू शकतात.

तोवर सहीपूर्वी तीन कलमे वकिलाकडून वाचून घ्यावीत. दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च कोण करणार आणि उरलेल्या हंगामाचे पैसे मिळणार का, हे पहिले. करार वाढवण्याचा हक्क फक्त संघाला आहे की दोघांना, हे दुसरे. आणि वाद झाल्यास लवाद कोण नेमणार, हे तिसरे. निकालात ज्याचा हितसंबंध आहे, त्याने एकट्यानेच लवाद नेमणे योग्य नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलेले आहे, तेव्हा हे कलम एकतर्फी दिसल्यास ते बदलून मागण्यास संकोच करू नये.