१४ च्या जागी १६ इंची अलॉय टाकले तर स्विफ्टचं ॲव्हरेज किती पडेल?

तुम्ही लिहिलंय की स्विफ्ट व्हीएक्सआयच्या १४ इंची स्टीलच्या डिस्क (म्हणजे रिम) काढून १६ इंची अलॉयच्या रिम टाकायच्या आहेत. टायरवाला म्हणतो ॲव्हरेजला काहीच होणार नाही, मित्र म्हणतो लिटरमागे तीन-चार किलोमीटर जातील. मला दोघांचंही पटत नाही. थोडं ॲव्हरेज नक्की जाईल, पण टायर नीट निवडलात तर मित्र म्हणतो तितकं जाणार नाही.

आधी साइज बघू. तुमच्या गाडीला कंपनीचा टायर आहे १६५/८० आर१४. यातला १६५ ही टायरची रुंदी मिमीमध्ये, ८० म्हणजे रबराच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, आणि १४ हा रिमचा इंचातला व्यास झाला. रस्त्यावर फिरतो तो टायरचा बाहेरचा व्यास, आणि तो भरतो साधारण ६२० मिमी. स्विफ्टच्याच वरच्या मॉडेलला, झेडएक्सआयला, कंपनी १८५/६५ आर१५ देते, त्याचा ६२१-६२२ मिमी. १६ इंची रिमवर १९५/५५ घेतला तर तोही ६२१ मिमीच येतो. म्हणजे रिम दोन इंचांनी वाढली तरी चाक होतं तेवढंच राहिलं, फक्त रबराची भिंत १३२ मिमीवरून १०७ वर आली. गिअरिंग बदलत नाही, मीटर चुकत नाही. पण दुकानात १९५/६० आर१६ शिल्लक असला आणि तोच चढवला, तर व्यास ६४० मिमी होतो, सव्वातीन टक्क्यांहून जास्त वाढ. मग सगळे गिअर तेवढेच उंच होतात, पुलिंग कमी होतं आणि घाटात जिथे तिसऱ्यावर निघायचात तिथे दुसरा टाकावा लागतो.

आता पेट्रोल कुठे जातं ते. हायवेवरून तासभर गाडी चालवून उतरलात की टायरला हात लावून बघा, गरम असतो. रस्त्याला टेकताना रबर दर फेरीत दबतं आणि सुटतं, दबताना घेतलेली सगळी ताकद सुटताना परत देत नाही, उरलेली उष्णता होते. ती उष्णता तुमच्याच टाकीतली. टायर फिरताना होणारा हा विरोध म्हणजे रोलिंग रेझिस्टन्स. तो १० टक्क्यांनी वाढला तर इंधनाचा खर्च साधारण १ ते २ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे नवा टायर याबाबतीत २० टक्क्यांनी वाईट निघाला असं धरलं, तरी २० चं ॲव्हरेज १९.२ ते १९.६ च्या आसपास येईल. सोळावर येणार नाही. आपल्याकडे टायरच्या रोलिंग रेझिस्टन्सला एआयएस-१४२ या नियमाने मर्यादा घातली आहे, आणि काही टायरांवर फ्रिजसारखं स्टार लेबलही येतं. ते बघून घ्या. एकाच साइजच्या दोन टायरांमधला फरक कधीकधी एका इंचाच्या फरकापेक्षा मोठा असतो, आणि गिऱ्हाईक मात्र फक्त इंच विचारतं. मला याचं खरंच वाईट वाटतं.

वजनाबद्दल बरंच काही सांगितलं जातं. ‘चाकातला एक किलो म्हणजे बॉडीतले दहा किलो’ हे मी कित्येकांकडून ऐकलंय. ते खरं नाही. फिरणारं वजन पुढेही सरकतं आणि गोलही फिरतं, त्यामुळे पिकअप घेताना ते जास्तीत जास्त दुप्पट मोजायचं. तेही सगळं वजन अगदी काठावर असेल तर. समजा नवा अलॉय टायरसकट तीन किलोने जड आहे. चार चाकांचे बारा, दुप्पट धरून चोवीस किलो. तुमची गाडी साधारण नऊशे किलोची, वर माणसं. सिग्नल ते सिग्नल चालवताना हे थोडं जाणवेल, एक्सप्रेस वेवर एका वेगात चालवताना जवळजवळ नाही. आणि अलॉय म्हणजे हलकाच हेही गृहीत धरू नका. स्वस्तातला १६ इंची अलॉय १४ इंची स्टीलच्या डिस्कपेक्षा जड असू शकतो. काट्यावर ठेवून बघायला सांगा.

हायवेवर वजनापेक्षा हवा महाग पडते. ८०-१०० च्या पुढे इंजिनाची बरीच ताकद हवा कापण्यातच जाते. १६५ चा टायर १९५ चा झाला की प्रत्येक चाक तीन सेंटीमीटरने रुंद झालं, आणि मोठ्या फटींचे स्पोक हवा अजून ढवळतात. इलेक्ट्रिक गाड्यांना चपटी, बंद दिसणारी चाकं देतात ती याचसाठी. बीएमडब्ल्यूच्या आय-३ ला तर १९ इंची रिम होती, पण टायर फक्त १५५ रुंदीचा! उंच आणि अरुंद चाक कमी ताकदीत फिरतं. म्हणून मोठी रिम म्हणजे कमी ॲव्हरेज हे सूत्र आंधळेपणाने लावू नये. आपल्याकडे मोठ्या रिमबरोबर रुंदी आणि वजनही वाढतं, पेट्रोल त्याचं लागतं.

प्रत्यक्ष मोजलेलं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतल्या कार अँड ड्रायव्हर मासिकाने २०१० मध्ये एकाच फोक्सवॅगन गोल्फवर १५ पासून १९ इंचांपर्यंतची चाकं लावून पाहिली होती. १५ ते १९ मध्ये ॲव्हरेज सुमारे १० टक्क्यांनी घटलं. चार इंचांना दहा टक्के. तुमचे दोनच इंच आहेत, त्यामुळे १९५/५५ वर माझा अंदाज तीन ते पाच टक्के, म्हणजे वीसला एक किलोमीटर किंवा त्याहून कमी.

मग लोकांना नवे टायर टाकल्यावर दोन-दोन किलोमीटर गेल्यासारखे का वाटतात? यात मीटरचा मोठा हात आहे. मीटर चाकाचे फेरे मोजतो. घासलेला टायर आणि नवा टायर यांच्या व्यासात १२ मिमीपर्यंत फरक असतो, जवळपास दोन टक्के. नव्या टायरवर गाडी तेवढंच अंतर कमी फेऱ्यांत कापते आणि मीटर दोन टक्के कमी दाखवतो. त्यात नव्या, जाड रबराचा रोलिंग रेझिस्टन्स घासलेल्यापेक्षा जास्त असतोच. आणि १९५/६० सारखा मोठा टायर असेल तर घोटाळा वाढतो: ३० लिटरमध्ये मीटर ५४० दाखवेल, ॲव्हरेज १८ निघेल, पण गाडी खरी ५५८ किलोमीटर चाललेली असेल, म्हणजे १८.६. म्हणून तुलना करायची तर टाकी फुल टू फुल करा, अंतर मोबाइलच्या जीपीएसवर मोजा, आणि हवा दोन्ही वेळेस सारखी ठेवा. हवा १ पीएसआयने कमी असली की साधारण ०.२ टक्के ॲव्हरेज जातं, पाच पीएसआय कमी म्हणजे एक टक्का.

माझ्या मते तुम्ही १५ इंची अलॉय आणि १८५/६५ टायर घ्या. कंपनीने याच गाडीला दिलेला साइज आहे, त्यामुळे वॉरंटी आणि विम्यात वाद निघायची शक्यता कमी. गाडी दिसायला भरदार होते आणि पावसाळ्यातल्या खड्ड्यांसाठी १२० मिमी रबर शिल्लक राहतं. १६ च हवे असतील तर १९५/५५ वर ठाम राहा. मात्र त्यात खड्ड्यात रिम वाकण्याची आणि टायरला फुगा येण्याची भीती जास्त, आणि तो खर्च पेट्रोलपेक्षा मोठा. १७ मी सुचवणार नाही.

स्टेपनी १४ चीच राहिली तरी चालते, कारण बाहेरचा व्यास तोच आहे. अलॉयला वेगळे नट आले तर स्टीलच्या डिस्कचे जुने नट स्टेपनीसोबत डिकीत ठेवा.