क्राउन चिकटवण्याआधी

राजारामपुरीत दातांचा नवा दवाखाना टाकलायस, म्हणून सांगतो. रेझिन सिमेंटने बसवलेला क्राउन, म्हणजे दातावरची सिरॅमिकची टोपी, पहिल्या दिवशी घट्टच असतो. खरा कस पुढे लागतो. लाळेतलं पाणी सायलेनची (सिरॅमिक आणि सिमेंट जोडणाऱ्या द्रावणाची) पकड हळूहळू सोडवत जातं, त्यात गरम-गार खाण्याचा ताण.

लिथियम डायसिलिकेट या काच असलेल्या सिरॅमिकला 5 टक्के हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड, 20 सेकंद. जास्त ठेवून पकड वाढत नाही, सिरॅमिकच कमजोर होऊ शकतं. लॅबने आधीच एच केलंय (हे अॅसिड लावलंय) का, हे फोन करून विचार. धुऊन कोरडं केल्यावर पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका दिसला की मग सायलेन. आपल्याकडच्या पावसाळ्यात बाटलीचं झाकण उघडं ठेवू नकोस. द्रावण गढूळ दिसलं तर सरळ फेकून दे.

झिर्कोनिया या दुसऱ्या सिरॅमिकचं तंत्र वेगळं. त्यात काच नाही, त्यामुळे हे अ‍ॅसिड लावून काही हाती लागत नाही. 50 मायक्रॉन अ‍ॅल्युमिनाने कमी दाबावर सँडब्लास्ट, मग एमडीपीचा (झिर्कोनियाला धरणाऱ्या फॉस्फेट रसायनाचा) प्राइमर. आणि हे नक्की लक्षात ठेव: तोंडात बसवून पाहिल्यावर लाळ लागलेला झिर्कोनिया फॉस्फोरिक अ‍ॅसिडने साफ करायचा नाही. त्यातलं फॉस्फेट पृष्ठभागाला धरून बसतं आणि एमडीपीला जागा उरत नाही. क्लीनिंग पेस्ट वापर, नाहीतर पुन्हा हलकं सँडब्लास्ट कर. पेशंट कितीही घाईत असला तरी रबर डॅम (दाताभोवती लाळ अडवणारा रबरी पडदा) लावच.