थायरॉइडची गोळी, सकाळचे पोहे आणि संमतिपत्रावरची सही

हार्मोन आणि ग्रंथींच्या विकारांवर इंदूरच्या वाचकांनी विचारलेले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण तो घोळ घरोघरी होतो.

प्रश्न : वय ४६, वजन ६२ किलो. वर्षभरात माझा टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन; थायरॉइड कमी पडलं की ते वाढतं, जास्त झालं की घटतं) आधी ६.१, मग ९.८ आणि आता एकदम ०.२ आला. थायरॉइडच्या गोळीचा डोस ७५ मायक्रोग्रॅमवरून १०० आणि पुढे तीन आठवड्यांतच १२५ झाला. गोळी रोज न चुकता सकाळी सहाच्या चहाबरोबर घेते. साडेसातला पोहे आणि त्यावर कॅल्शियमची गोळी. ती उन्हाळ्यात संपली, पुन्हा आणली नाही. माझी ग्रंथी अशी वर-खाली का होते आहे? (लोकमान्य नगर)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रावरून दिसतं ते असं, की ग्रंथीपेक्षा रक्तात पोचणारं औषध कमी-जास्त होत आहे. तुमच्या गोळीत थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड ग्रंथीचंच हार्मोन (रिपोर्टमधला टी-४) असतं. ते लहान आतड्यात शोषलं जातं. पोट रिकामं असेल तेव्हासुद्धा गोळीचा साधारण ६० ते ८० टक्केच भाग रक्तात येतो. कॅल्शियम त्याला आतड्यातच धरून ठेवतं, लोहाची गोळीही तेच करते. चहा-कॉफीने आणि नाश्त्याने शोषण आणखी घटतं. म्हणजे कागदावर १०० मायक्रोग्रॅम असले तरी पोटातून पुढे पुरेसं जात नव्हतं, म्हणून टीएसएच चढला आणि डोस वाढला. मग कॅल्शियमची बाटली संपली. डोस वाढलेला होताच, आता तो जवळजवळ पूर्ण लागू पडला आणि टीएसएच ०.२ वर घसरला.

एक हिशोब करून बघा. ग्रंथीचं काम पूर्ण बंद पडलं असेल, तर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतात. ६२ किलोला ते ९९ होतात, म्हणजे १०० ची एक गोळी. तुमच्या ग्रंथीचं काम थोडं जरी शिल्लक असेल, तर १२५ जास्तच आहेत. हा रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. टीएसएच फार काळ दबलेला राहिला तर हाडं ठिसूळ होतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. छातीत धडधड किंवा हाताला कंप असेल तर आधी तेच सांगा.

दुसरी चूक घाईची. थायरॉक्सिनचं अर्धं प्रमाण शरीरातून जायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे नवा डोस स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. तीन आठवड्यांनी काढलेला टीएसएच अर्ध्या वाटेवरचा असतो. त्यावर डोस बदलला की पुढचा रिपोर्टही फसवणारच.

आता गोळी कशी घ्यायची ते. उठल्यावर साध्या पाण्याबरोबर घ्या, त्यानंतर पाऊण ते एक तास चहासुद्धा नको. पोहे-जिलबी खुशाल खा, पण त्या तासानंतर. कॅल्शियम आणि लोह किमान चार तासांनी, म्हणजे दुपारच्या जेवणाबरोबर. उपासाच्या दिवशीही गोळी चुकवू नका. बाटलीचं झाकण घट्ट लावून ती कोरड्या जागी ठेवा, गॅसच्या ओट्याजवळ वाफ लागते. रक्ततपासणीच्या दिवशी गोळी सॅम्पल दिल्यानंतर घ्या, नाहीतर टी-४ काही तास चढा दिसतो. दर वेळी एकच लॅब आणि एकच वेळ असावी, कारण पहाटेचा टीएसएच दुपारच्या टीएसएचपेक्षा मुळातच जास्त असतो.

सकाळी एक तास चहाविना काढणं जमतच नसेल, तर रात्रीचा पर्याय आहे. नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत प्रत्येक रुग्णाला रोज दोन कॅप्सूल दिल्या, एक सकाळी आणि एक झोपताना. त्यांतली एक खरी, दुसरी रिकामी. कोणती खरी हे रुग्णाला माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. तीन महिन्यांनी अदलाबदल. १०५ पैकी ९० जणांनी चाचणी पूर्ण केली. रात्री औषध घेतलं तेव्हा टीएसएच सरासरी १.२५ ने कमी राहिला, मात्र रुग्णांना वाटणाऱ्या तब्येतीत फरक पडला नाही. अट एकच, पोट रिकामं हवं : शेवटच्या घासानंतर तीन तास. दहाला जेवण आणि त्यावर सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत फेरी असेल, तर रात्रीचा नाद सोडा.

प्रश्न : केस गळतात म्हणून मुलगी १० मिलिग्रॅम बायोटिन (एक ब-जीवनसत्त्व) घेते. तपासणीत टीएसएच ०.०५ आणि टी-४ वाढलेला आला. तिला काहीच त्रास नाही, वजनही तेवढंच आहे. थायरॉइड दाबायची गोळी लगेच सुरू करायची का? (सुदामा नगर)

उत्तर : थांबा. बऱ्याच लॅबमधल्या यंत्रांत बायोटिन हाच चाचणीतला डिंक असतो, त्याने हार्मोन पकडणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) पृष्ठभागाला चिकटवलेली असतात. रक्तातच बायोटिन भरपूर असलं की ते चिकटण्याच्या जागा अडवून बसतं. टीएसएचच्या चाचणीची रचना अशी, की त्यामुळे आकडा खोटाच खाली येतो. टी-४ ची रचना उलटी, तिथे आकडा खोटाच वर जातो. दोन्ही मिळून हुबेहूब अतिथायरॉइडचं, म्हणजे ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असल्याचं चित्र तयार होतं. रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम, तुमची मुलगी त्याच्या तीनशेपटींहून जास्त घेते आहे. बायोटिन किमान दोन दिवस बंद ठेवून (आम्ही आठवडा सुचवू) तपासणी पुन्हा करा आणि लॅबला गोळीचं नाव सांगा. तेव्हाही आकडे तसेच आले, तर तो खरा आजार आहे असं धरून पुढे जायचं.

प्रश्न : आईचं वय ७२. टीएसएच ६.८, टी-४ नॉर्मल. थकवा फार आहे. व्हॉट्सॲपवर एका बाईंची केस आली होती : असाच रिपोर्ट, गोळी सुरू केली आणि आठ दिवसांत टवटवीत. आईलाही द्यावी का? (रामबाग)

उत्तर : एका रुग्णाची नोंद क्षुल्लक नसते. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉक्टर जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क ४६ वर्षांच्या एका बाईंना टोचला; त्यांची थायरॉइड ग्रंथी फारच कमी काम करत होती. त्या १९१९ पर्यंत, ७४ व्या वर्षापर्यंत जगल्या आणि त्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. तिथे एका केसने पुरावा दिला, कारण तो आजार आपोआप बरा होत नाही हे ठाऊक होतं. थकव्याचं तसं नाही. तो येतो, जातो, गोळी सुरू केल्याच्या नुसत्या दिलाशानेही हलका होतो. शिवाय थायरॉक्सिनचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांतली टवटवी गोळीच्या खात्यावर मांडणं अवघड आहे.

आईसारख्याच रुग्णांवर युरोपात मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २०१७ मध्ये आले. ६५ च्या पुढचे ७३७ जण, टीएसएच थोडा वाढलेला. वर्षभराने खरी गोळी घेणाऱ्यांचा सरासरी टीएसएच ३.६३, खोटी (औषध नसलेली) घेणाऱ्यांचा ५.४८. आकडा सुधारला, पण थकव्यात फरक शून्य. टीएसएच १० च्या वर असलेले त्यात थोडेच होते, त्यांना हा निष्कर्ष लावू नये. आईचा टीएसएच दोन-तीन महिन्यांनी पुन्हा काढा, पुष्कळदा तो आपसूक उतरतो. तोवर हिमोग्लोबिन, बी-१२, साखर आणि झोप तपासा. पुढे गोळी लागलीच, तर या वयात सुरुवात २५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी.

प्रश्न : वडिलांना मधुमेहाच्या नव्या औषधाच्या चाचणीत घेतो म्हणतात. सही करावी का? (स्नेहलतागंज)

उत्तर : करू शकता, पण त्याच दिवशी नको. माहितीपत्रक घरी आणा, आणि तेही वडील वाचतात त्या भाषेत, मराठी किंवा हिंदी. त्यात सीटीआरआयचा (औषधांच्या चाचण्यांची देशातली सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक शोधा. १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांना ही नोंदणी सक्तीची आहे आणि क्रमांक टाकून कुणालाही ती इंटरनेटवर पाहता येते. या विषयात इंदूरचं नाव आहे : इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाच्या २०१२ च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने चाचण्यांवरची देखरेख कडक करायला लावली.

२०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार मोफत आणि भरपाईचा हक्क आहे. कधीही बाहेर पडता येतं, त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. सही केलेल्या संमतिपत्राची प्रत मागून घ्या. डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचारा : सध्याच्या गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करणार का, खोट्या गोळीच्या गटात गेल्यास साखर किती चढेपर्यंत थांबणार, आणि रात्री दोन वाजता साखर ५० पर्यंत घसरली तर कुणाला फोन करायचा. तो नंबर माहितीपत्रकावर असायलाच हवा. सही करण्याआधी एकदा लावून बघा, पलीकडून कोण उचलतं ते.